मानाचा कप

२ मे १९८३, सोमवार

आजपासून रोजनिशी. जिल्हा नवा, ऑफिस नवं, अर्धं टेबल माझं. तेव्हा माणूसही नवा व्हायला हवा. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष नाही, निम्म्या फायली उस्मानाबादहून यायच्यात. मला वाटतं जातपातही तिकडेच राहिली. आमच्या ऑफिसात मी तरी पाहिलेली नाही.

आनंदाची बातमी. बावीस तारखेला मुरुडच्या शाळेत पालक मेळावा, मुख्य वक्ता मी. विषय मीच सुचवला: 'लहान मुलांशी जातीविषयी कसे बोलावे'. हेडमास्तर म्हणाले, शेषेराव, दुष्काळाचं साल आहे, पाण्यावर बोला, लोक तरी येतील. मी म्हणालो, पाणी आज ना उद्या येईल, विचार आले पाहिजेत. वाक्य आवडलं. भाषणात घेणे.

संकल्प: भाषणाआधी सिंधुशी बोलायचं. सहा वर्षांची आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. तिला यातलं काहीच माहीत नाही. कोरी पाटी.

५ मे, गुरुवार

सिंधुशी बोलणार होतो, तेवढ्यात टँकर आला. हंडे, बादल्या, शिवीगाळ. विचार राहिले.

टँकर आला तो लिंबाजीराव सोनकांबळ्यांच्या कृपेने. टंचाई शाखेत नायब तहसीलदार आणि माझे जिवलग मित्र. बौद्ध आहेत, पण ते मला जाणवतसुद्धा नाही. जाणवत नाही हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

संध्याकाळी ते चहाला आले. गेल्यावर सिंधुने विचारलं, आपण सगळे स्टीलच्या कपातून पितो, मग काकांनाच ओसरीच्या कोनाड्यातला निळ्या फुलांचा कप का? मी जराही न अडखळता सांगितलं, तो मानाचा कप आहे, सगळ्यात मोठ्या पाहुण्याला देतात. खोटं नाहीच. घरात चिनी मातीचा तेवढा एकच. कान तुटलाय, पण फुलं शाबूत आहेत. मग तो बाहेर का ठेवतो, असं तिने विचारलं. म्हणालो, हवेशीर असतं.

कपाची व्यवस्था माझ्या आईची आहे. मी स्वयंपाकघरात लक्ष घालत नाही. स्त्रियांना स्वातंत्र्य हवं.

९ मे, सोमवार

सोनकांबळ्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. नेमका माझा उपवास. मागे बोलावलं तेव्हा गुरुवार होता, त्याआधी शनिवार. योगायोग म्हणतात तो हा. ही म्हणाली, मघाशी दुपारी कँटीनमध्ये भजी खाल्लीत त्याचं काय? मी उपवासाच्या बाबतीत कर्मठ नाही, हे हिला कधी कळायचं?

सिंधु एकटीच गेली. तोंड तुपकट करून आली आणि म्हणाली, सुमनकाकूंचे धपाटे आपल्यापेक्षा मऊ असतात. आईने तिला दारातूनच मोरीत नेलं, हातपाय धुतले, चुळा भरायला लावल्या. मला राहवलं नाही. आईला स्पष्ट शब्दांत सांगितलं, पाणी जपून वापर.

१३ मे, शुक्रवार

भाषणाचे मुद्दे काढले. एक, मुलांचा प्रश्न टाळू नये. दोन, खोटं सांगू नये. तीन, आधी स्वतःकडे पाहावे. तिसऱ्या मुद्द्याला आरशात बघत हातवारे केले. छान दिसतात.

सिंधुशी रविवारी बोलतो. रविवारी मोकळा असतो.

१५ मे, रविवार

मोकळा नव्हतो.

सकाळच्या एस.टी.ने औशाहून सासरे आले. अमृतराव म्हणजे जुन्या वळणाचं प्रस्थ. त्यांनी बूड टेकवलं न टेकवलं तोच सोनकांबळे आले, पुढच्या टँकरचा दिवस सांगायला. मी दोघांची ओळख करून दिली. हे बौद्ध आहेत पण मला जाणवत नाही, हे त्यात आलंच.

चहा सिंधुने आणला. निळ्या फुलांचा कप आजोबांना. सोनकांबळ्यांना माझा स्टीलचा.

सासऱ्यांचा अर्धा कप पिऊन झाल्यावर आई दारात आली आणि ओरडली, अगं भवाने, त्यो त्यायचा कप हाय!

कुणाचा, म्हणून सासऱ्यांनी विचारलं. सगळे सोनकांबळ्यांकडे बघायला लागले. मीही बघितलं, पण ते शिष्टाचार म्हणून. सासरे उठून अंगणात गेले, थुंकले, खाकरून खाकरून चुळा भरल्या. सिंधु रडायला लागली. म्हणाली, बाबाच म्हणाले मानाचा कप हाय म्हणून, म्हणून मी आजोबांना दिला. मी कॅलेंडरकडे बघत होतो. जूनमध्ये सुट्ट्या कमी आहेत.

सोनकांबळ्यांनी चहा पुरा केला. सिंधुच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, चहा लई झ्याक झाला होता, बाई. आणि गेले.

मग सासऱ्यांनी आंघोळ मागितली. डोक्यावरून. पिंप रिकामं झालं. ही म्हणाली, त्यांचा कप चालत न्हाई, मग त्यांनीच पाठवलेलं पाणी कसं चालतंय? मी म्हणालो, वडील तुझे आहेत, तूच विचार.

या गडबडीत सिंधु आजीजवळ जाऊन बसली. जे मी मुद्देसूद मांडणार होतो ते आईने चुलीपुढे एका दमात उरकलं: त्यायचं आपल्याला चालत न्हाई, म्हणून कप येगळा. शिकवण्याची काही पद्धत म्हणून नाही.

१६ मे, सोमवार

घरात थेंब नाही. ऑफिसात सोनकांबळ्यांकडे जास्तीचं पाणी मागितलं. अचानक मोठी आंघोळ निघाली, एवढंच कारण सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. दुपारी पिंप भरून आलं. म्हणजे कालचं त्यांच्या लक्षातही आलेलं नाही. मन मोठं असलं की असं असतं.

संध्याकाळी चहाला या म्हणालो. काम आहे म्हणाले.

२० मे, शुक्रवार

आजही काम आहे म्हणाले. टंचाईचे दिवस, माणसाला काम असतं. कोनाड्यातल्या कपावर धूळ बसली आहे.

आणि एक. मी बोलायला बसलो की सिंधु आजीकडे उठून जाते. कंटाळत असेल. मुलांचं लक्ष टिकत नाही, हा मुद्दा चार.

२२ मे, रविवार

भाषण जोरात. टाळ्या दोनदा, त्यातली एक मध्येच. शेवटी प्रश्न विचारा म्हणालो. एक गृहस्थ उठले आणि मुरुडला टँकर कधी येणार ते विचारलं. बाकीच्यांचाही तोच प्रश्न होता.

बाहेर पडताना हेडमास्तरांनी विचारलं, तुमच्या मुलीला तुम्ही कसं सांगितलंत? मी म्हणालो, योग्य वेळ पाहून सांगणार आहे. त्यांनी एस.टी.ची वेळ सांगितली.

२६ मे, गुरुवार, बुद्ध पौर्णिमा

सुमनबाईंनी खिरीला बोलावलं होतं. नाही म्हणायचं नाही असं ठरवूनच निघालो. सिंधुला घेतलं. तिने पिशवी घेतली. मी विचारलं नाही त्यात काय आहे. मुलांना स्वातंत्र्य हवं.

सोनकांबळ्यांकडे ऑफिसातले पाच-सहा जण बसले होते. सगळ्यांच्या हातात वाट्या. सुमनबाई माझ्यापुढे आल्या आणि माझ्या तोंडून गेलं, आज गुरुवार. खरंच सवयीने गेलं.

सिंधुने पिशवीतून निळ्या फुलांचा कप काढला आणि सुमनबाईंपुढे धरला. म्हणाली, काकू, बाबांना यात द्या. त्यांना तुमचं चालत न्हाई ना, म्हणून मी घरून येगळा कप आणलाय.

खोडी नव्हती ती. सगळे खातात आणि बाबा दरवेळी उपाशी राहतात, याचं तिला वाईट वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते. कप धुऊन, पुसून आणला होता.

कुणाच्याच वाटीत चमचा हलेना. सोनकांबळे म्हणाले, वाढ सुमन, मानाचा कप हाय त्यो.

खीर उकळती होती. कान तुटलेला कप गरम झाला की धरता येत नाही. या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. बोटं भाजली. ते एवढे दिवस आमच्या घरी कसा धरत होते कोण जाणे. एकदाही बोलले नाहीत.

खाऊन झाल्यावर कप कुठे ठेवायचा ते कळेना. त्यांच्या वाट्यांत ठेवायला हात पुढे होईना. मीच नेऊन विसळला. कुणी विसळा म्हणालं नव्हतं.

घरी येताना सिंधुने विचारलं, बाबा, आता हा तुमचाच ना?

कप आता टेबलावर आहे, या वहीशेजारी. कोनाड्यात ठेवावा तर सिंधु बघते. आत ठेवावा तर आई.