तलाव नॉर्मल आहे

५ मे, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे सत्काराच्या भाषणात तपशील लागतील.
अठरा तारखेला तलावात मुलांच्या पोहण्याच्या शर्यती. आमची मुलगीही आहे. पाणी सुरक्षित असल्याचा दाखला माझ्या सहीने, कारण तलाव ऑफिसात केमिस्ट मीच. पाणी जरा हिरवं दिसतं. पण फॉर्ममध्ये रंगाचा रकाना नाही.

६ मे
फॉस्फेट जवळजवळ शून्य! म्हणजे शेवाळाचं खाणंच संपलं. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमना मुद्दाम रिपोर्ट दाखवला. त्या म्हणाल्या, संपलं नाही, शेवाळाच्या पोटात गेलंय. जेवण झाल्यावर ताट रिकामंच दिसणार.
वर हेही म्हणाल्या की दुपारी वरवरचं पाणी मोजू नका, उन्हात शेवाळच ऑक्सिजन सोडतं. पहाटे या, तळाशी मोजा. पहाटे मला पित्त होतं. आणि तळाशी पोहणार कोण?

९ मे
साहेब काठावर आले. नाकाला रुमाल लावून विचारलं, हे काय आहे? म्हटलं, नॉर्मल. ते म्हणाले, नॉर्मलला वास येतो का?
ठरलं. शेवाळावर मोरचूद मारायचं. सगळीकडे, एकदम.
मॅडमनी अक्षरशः हात जोडले. एकेक कोपरा करत मारा म्हणाल्या. सगळं शेवाळ एका वेळी मेलं तर कुजेल, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाईल. शिवाय या जातीचं शेवाळ मरताना विष सोडतं. बाईंची सगळी उठबस गोगलगायींशी, त्यामुळे त्यांना सगळं सावकाशच हवं असतं.

१२ मे
मोरचूद मारलं. होडीत मी स्वतः उभा. फोटो चांगला आला.

१५ मे
पाणी आरशासारखं! साहेबांनी पाठ थोपटली. मी दाखल्यावर सही ठोकली.
संध्याकाळी हिला तलाव दाखवायला नेलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. ही म्हणाली, धापा टाकतायत का हो? म्हटलं, इतकं स्वच्छ पाणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

१७ मे, सकाळ
मॅडम थेट घरी. चहाही नको म्हणाल्या. तळाशी ऑक्सिजन नाही, गाळातले किडे मेलेत, शिंपले उघडे पडलेत. विषाच्या तपासणीचा रिपोर्ट सोमवारी येईल, तोवर शर्यत थांबवा. मी म्हटलं, माझे आकडे बघा. त्या म्हणाल्या, जुने आहेत.
ऑक्सिजनचा मीटर घेऊन गेलो. काठावरच बुडवला. काटा जेमतेम हलला. सेल बदलले. पुन्हा तेच. मीटर बिघडलेला दिसतो.

१७ मे, संध्याकाळ
मुलीच्या कपाळाला हात लावला. कणकण वाटली. तिने थर्मामीटर लावून दाखवला, ताप नव्हता. म्हटलं, येईल. उद्या घरीच राहा. ती पाय आपटत खोलीत गेली.
ही माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, बाकीच्यांच्या पोरांना नाही का येणार ताप?
दूध उतू जातंय म्हणून मी आत गेलो. गॅसवर काहीच नव्हतं.

१८ मे, रविवार
लांबून काठ पांढरा दिसला. जवळ गेलो तर मासे. साहेब म्हणाले, जाळीने बाजूला ओढा, शर्यत वेळेवर होईल. मॅडम त्यांच्याशी भांडत होत्या, आवाज चिरकला होता. साहेब माझा दाखला त्यांच्यासमोर नाचवत होते. मी पाण्याच्या टँकरच्या आड उभा होतो. तिथून सगळ्यावर नीट लक्ष ठेवता येत होतं.
मुलं रांगेत उभी राहिली. शेवटून दुसरी आमची. टोपी, गॉगल, सगळं घालून. तिच्या मागे ही. पोरीला हिनेच आणलं होतं, आणि एका हाताने तिचा दंड घट्ट धरला होता. बघत मात्र माझ्याकडे होती.
पंचाची शिट्टी तोंडात गेली.
मी धावलो. उतरू नका, कुणीच उतरू नका, पाणी खराब आहे, असं ओरडलो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.
साहेबांनी कागद पुढे केला. मग ही सही कुणाची?
माझी, म्हटलं.
शर्यत रद्द. लोक बरंच बोलले. मॅडमनी हातमोज्यांचा एक जोड माझ्या हातात दिला. दुपारपर्यंत मासे उचलले.
घरी आल्यावर मुलीने विचारलं, बाबा, मी रांगेत नसते तरी ओरडला असतात?
म्हटलं, अर्थातच.
इथेही तेच लिहिलं होतं. आत्ता खोडलं.