आले असते

सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पायाचं प्लास्टर अजून महिनाभर आहे म्हणतेस. बरंच झालं, निदान आता तरी एका जागी बसशील. भाऊजींना म्हणावं, संधी सोडू नका.

इकडची बातमी म्हणजे हे शुक्रवारी येणार! काल खालच्या दुकानात ह्यांच्या कामावरच्या मुकादमाचा फोन आला होता. त्याला मराठी येत नाही, तो बोलणार इंग्रजीत आणि माझ्या इंग्रजीची बोंब तुला ठाऊकच. 'ही वुड हॅव कम होम फ्रायडे' असं दोनदा म्हणाला. कम कळलं, होम कळलं, फ्रायडे कळलं. आणखी काय हवं? मधलं 'वुड हॅव' तेवढं तू समजावून सांग, इंग्रजी शिकवतेस ना? फार अडखळत बोलत होता, सर्दी झाली असावी बिचाऱ्याला. मी थँक्यू म्हटलं तर फोनच ठेवून दिला.

गादीची खोळ धुतली. ह्यांचा कोट उन्हात टाकलाय. टाकीचा रंग लागलेला कोपरा काही निघत नाही.

पायाला जप, आणि लोभ आहे तो वाढव.

तुझी धाकटी

गुरुवार

चि. धाकटीस,
अ. आ.

हे पत्र भाऊजी हातात देतील. आधी खाली बस. त्यांना जवळ बसू दे.

येणार असेल तर 'विल कम' म्हणतात गं. 'वुड हॅव कम' म्हणजे आले असते. यायचे होते, आले नाहीत, आता येणार नाहीत.

तुझं पत्र वाचल्याबरोबर मुकादमाला फोन लावला. शनिवारी टाकी रंगवताना तुझे हे परांचीवरून पडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ऑफिसने तुला कळवलंय असंच तो धरून चालला होता.

हे मी स्वतः येऊन सांगायला हवं होतं. हा मेला पाय. भाऊजींचा हात सोडू नकोस.

ताई

रविवार

ती. ताईस,
सा. न.

दवाखान्यातून ह्यांना ताब्यात घेतलं. काल सगळं आटोपलं. भाऊजी होते म्हणून उभी राहिले.

आधी भाऊजींनी मला कामावरच्या साहेबाकडे नेलं होतं. तो म्हणाला, 'ही शुड हॅव वोर्न द बेल्ट.' भाऊजी सांगायला वळले, मी म्हटलं, कळलं. ह्यांनी पट्टा बांधायला हवा होता. दाराशी मुकादम उभा होता. तो मान खाली घालून काही म्हणाला, ते भाऊजींनी सांगितलं: पट्टे आलेच नव्हते, सर, किती वेळा मागितले. साहेबाने त्याला गप्प बसायला सांगितलं.

मग मी साहेबाला म्हटलं, 'यू शुड हॅव गिव्हन.' त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाहेर बाकीचे रंगारी उभे होते, त्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं.

उद्या भाऊजींबरोबर तुझ्याकडे यायला निघते. लोभ असू दे ताई, आता तेवढाच आहे.

धाकटी