कुम हेलिगची मागे जाणारी गाडी

६ जानेवारी २००२

आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलंच तर नोंदी असाव्यात. मागच्या खोलीतलं माझं मॉडेल रेल्वेचं काम आता पूर्ण झालं आहे. कुम हेलिगची कोळशाची लाइन, खाणीपासून नदीवरच्या पुलापर्यंत, एका टेबलावर. साल १९७८. निळं डिझेल इंजिन, मागे नऊ वाघिणी. डोंगर, खाणीवरचं मोठं चाक, चॅपल, सगळं जागच्या जागी. ऑक्टोबरात क्लबचं प्रदर्शन आहे.

आमच्या खोऱ्यात माणसाला धंद्यावरून नाव पडतं आणि ते थडग्यापर्यंत सोबत येतं. बेकरीवाला डाय तो डाय ब्रेड. मी जन्मभर कौन्सिलात पाणीपट्टीच्या खिडकीत बसलो, म्हणून ग्विलिम पाणीपट्टी. रिटायर झालो तरी लोक मला भाजीच्या दुकानात गाठून नळाची धार बारीक झाल्याचं सांगतात. प्रदर्शनानंतर मी ग्विलिम रेल्वे. ठरलं.

१३ जानेवारी

आयर्लिसला लेआउट दाखवला. बायकोला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे तिचं कौतुक निखळ असतं. तिने इकडून तिकडून पाहिलं आणि विचारलं, हॉल्ट कुठाय? मी नीट समजावलं की पॅसेंजर गाड्या बंद झाल्यावर हॉल्टचा फलाट पाडला, १९७८ मध्ये तो असूच शकत नाही.

"मग काय उपयोग?" म्हणाली आणि चहाचे कप घेऊन खाली गेली.

हॉल्टचं, म्हणजे आमच्या एका फलाटाच्या छोट्या स्टेशनाचं, प्रकरण असं. एप्रिल १९६०. रविवारची संध्याकाळ, चॅपल नुकतंच सुटलेलं. ही फलाटावरच्या बाकावर बसली होती, लाल कोट घालून. मी सायकलवरून उतरलो आणि सांगितलं की गाडी पाच मिनिटांत येते, मला टाइमटेबल पाठ आहे. गाडी आली नाही. मी तिला उशिराची कारणं समजावत बसलो आणि अंधार पडला. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. रेल्वेच्या गलथान कारभाराचा मला झालेला हा एकमेव फायदा. तक्रार लिहिली होती. उत्तर आलं नाही.

२० जानेवारी

निश्चय. २७ ऑक्टोबरला लग्नाला चाळीस वर्षं होतात. तोवर लेआउट मागच्या काळात न्यायचा, १९७८ वरून १९६० ला. आम्ही मॉडेलवाले याला बॅकडेटिंग म्हणतो. डिझेल काढायचं, वाफेचं इंजिन आणायचं, रस्त्यावरच्या मोटारी बदलायच्या आणि हॉल्ट बांधायचा. बाक, दिवा, लाल कोटातली मुलगी, सायकलवाला मी. दोन आठवड्यांचं काम. आयर्लिसला अजिबात कळू द्यायचं नाही.

संध्याकाळी सांगून टाकलं. गुपित पोटात ठेवलं की मला ॲसिडिटी होते. ती एकदम खूश झाली. म्हणाली, या वर्षी अंगठी नको, जेवण नको, मला फक्त तो हॉल्ट दे. स्वस्तात सुटलो.

३ मार्च

दोन आठवडे जरा लांबले. पण हॉल्ट झाला. काड्यापेटीतल्या काड्यांचा फलाट, तपकिरी बाक, दिव्यात खरा बल्ब. लाल कोट रंगवायला तीन वेळा बसलो. आयर्लिस आली आणि वाकून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला भरून आलं. काम खरोखरच उत्तम झालं आहे.

वाफेचं इंजिनही पोस्टाने आलं. हिरवं, पितळी घुमटीचं. देखणं.

१० मार्च

क्लबात इंजिन नेलं. क्लाइव्ह बेनन आमचा सेक्रेटरी. आयुष्यभर विमा विकला, त्यामुळे कुठलीही वाईट बातमी प्रेमाने सांगतो. इंजिन हातात घेऊन म्हणाला, सुरेख आहे, पण या नंबरचं इंजिन १९५७ मध्ये भंगारात गेलं. नंबराची पट्टी बदल, पाच मिनिटांचं काम.

पट्टी बदलायची म्हणजे बेननचं बरोबर होतं हे कबूल करायचं. त्यापेक्षा साल बदललेलं काय वाईट? १९५६. चार वर्षांनी कुणाचं काय बिघडतं?

आयर्लिस म्हणाली, १९५६ मध्ये ती सोळा वर्षांची होती आणि शाळेत जायची. ठीक. लाल कोटावर शाळेचा निळा रंग मारला. मी त्या वर्षी पलटणीत होतो, म्हणून माझा पुतळा सायकलसकट डबीत ठेवला. इतिहासात एकट्यादुकट्या माणसाला किंमत नसते.

"आणि हॉल्ट?" तिने विचारलं.

हॉल्ट आहे की. तो कुठे जातोय?

२१ एप्रिल

शेजारच्या गावच्या सेलमध्ये वाघिणी मिळाल्या. जुन्या खाणमालकांच्या, लाल रंगाच्या, अंगावर मालकाच्या नावाची हातभर पांढरी अक्षरं. पाहताक्षणी घेतल्या. एकच अडचण. खाणी १९४७ ला सरकारने घेतल्या, म्हणजे त्या १९५६ मध्ये अशा मिरवणार नाहीत. वाघिणी परत करणं मूर्खपणाचं होतं. साल १९३७ केलं.

१९३७ मध्ये आयर्लिसचा जन्म झालेला नाही. शाळकरी मुलगी काढून डबीत माझ्याशेजारी ठेवली. आयर्लिसने विचारलं, हॉल्ट तरी राहील ना? म्हटलं, हॉल्ट १९३२ चा आहे, राहणार म्हणजे राहणार. शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

१९ मे

अभ्यास. १९३७ चं खरंखुरं टाइमटेबल मिळवलं. त्यात रविवारच्या रकान्यात एकही गाडी नाही. छपाईची चूक.

बेननला सहज दाखवलं. तो म्हणाला, या लाइनीवर रविवारी गाडी कधीच नव्हती, अगदी बंद होईपर्यंत नव्हती. रविवार कडक पाळणाऱ्या चॅपलवाल्यांनी चालू दिली असती का? मी नुसता हसलो. रविवारी त्या गाडीची मी स्वतः वाट पाहिलेली आहे, बेननसाहेब. पुराव्यापुढे तर्क चालत नाही.

७ जुलै, दुपारी

इंजिनातून धूर यायला लागला. अगदी खऱ्यासारखा. आयर्लिसला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, जळल्याचा वास येतोय.

संध्याकाळी

मोटर जळाली. बेननचा फोन आला, घेऊन ये, रात्रीच्या जेवणाआधी बसवून देतो. नम्रपणे नकार दिला. त्याच्या हातची मोटर माझ्या इंजिनात फिरणार आणि तो ते सगळ्या क्लबला सांगणार. त्यापेक्षा साल अजून मागे नेऊ.

आणि मग सुचलं. १९२६! त्या वर्षी मे महिन्यापासून खाणींना टाळेबंदी. सबंध उन्हाळा कोळशाची गाडी हलली नाही. म्हणजे माझी गाडी उभी आहे, कारण ती अचूक आहे. बाकीच्यांच्या गाड्या धावतात, कारण त्यांनी वाचन केलेलं नाही.

८ जुलै

हॉल्ट काढला. १९३२ चा हॉल्ट १९२६ मध्ये ठेवणं शक्य नव्हतं, कुठल्याही प्रामाणिक माणसाला नसतं. डिंक पक्का होता, सुरी घालावी लागली. कचऱ्याच्या बादलीत टाकला. डबीतली माणसंही टाकली, आता त्यांना काम नाही.

आयर्लिस खाली बटाटे सोलत होती. तिला सांगितलं.

"शब्द दिला होतास," एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, तो शब्द १९३७ चा होता.

त्यानंतर तिने बटाट्यांची सालं इतकी जाड काढली की बटाटे करवंदाएवढे उरले. मला वाईट वाटलं. मग जेवलो.

११ ऑगस्ट

घरात शिस्त राहिलेली नाही. पाव कापायची फळी गायब. माझी लाल रंगाची बाटली गायब, बारीक ब्रशही गायब. संशय बेननवर. तो परवा येऊन आयर्लिसशी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसला होता. विचारलं तर म्हणाली, विम्याचं काहीतरी.

१ सप्टेंबर

बेननला १९२६ ची कल्पना ऐकवली. फार छान, म्हणाला. मग खांद्यावर हात ठेवला. हात आला की मी समजतो. म्हणाला, टाळेबंदीत यार्डात रिकाम्या वाघिणींच्या रांगा लागल्या होत्या, नजर पोचेल तिथपर्यंत. तुला अजून थोड्या लागतील.

आता वाघिणी घ्यायला घर विकायचं का? सबंध दुपार विचार केला. प्रश्न मुळातून सोडवला पाहिजे. या सगळ्या चुकांचं मूळ काय? रेल्वे. कुम हेलिगची लाइन १८७१ ला आली. त्याच्या आदल्या वर्षी गेलं की एकही चूक काढता येणार नाही.

साल १८७०.

८ सप्टेंबर

रूळ उपटले. खाण, चाक, पूल, चॅपल काढलं. राहिला डोंगर. हिरव्या भुशाचा एक थर अजून दिला. इतकं शुद्ध काम क्लबात आजवर कुणी केलेलं नाही. आयर्लिस दारातून पाहून म्हणाली, "आता आपण भेटलोच नाही म्हणायचं."

विनोद करते कधी कधी.

२९ सप्टेंबर

डोंगर मोकळा वाटतो म्हणून मेंढ्या मागवल्या. आल्या. माप चुकलं. एकेक मेंढी चॅपलएवढी. परत पाठवायला उशीर झाला आहे. पुष्कळ विचार करून ठरवलं की मेंढ्या सध्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला चरत आहेत.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

प्रदर्शन झालं. चॅपलचा हॉल तुडुंब. माझ्या टेबलावर पाटी: कुम हेलिग कोळसा लाइन, १८७०. पहिलाच माणूस आला तो डाय ब्रेड. त्याने पाटी वाचली, डोंगर पाहिला, टेबलाखालीही पाहिलं. गाडी कुठाय, म्हणाला. मी सांगितलं, पुढच्या वर्षी येते आहे.

"बरं, मग मी पुढच्या वर्षी येतो," म्हणाला आणि गेला. तयारी नसलेला प्रेक्षक.

अकराच्या सुमारास चॅपलच्या गायनमंडळातल्या बायकांनी डोंगरावर चहाचे कप ठेवले. हिरवं कापड घातलेलं रिकामं टेबल वाटलं म्हणे. मी समजावेपर्यंत एकीने उतारावर सांडलेला चहा फडक्याने पुसला, आणि फडक्याबरोबर बराचसा उतारही गेला. तिनेच विचारलं की यंदा पाणीपट्टी वाढणार का?

तिकडे चहाच्या काउंटरवर झुंबड. तिथे आयर्लिस होती. मला वाटलं, तिच्या तव्यावरच्या बेदाण्याच्या केकसाठी असेल. मीही दोन खावेत म्हणून गेलो. केकच्या ताटाशेजारी आमची पाव कापायची फळी, आणि फळीवर हॉल्ट. काड्यांचा फलाट, एक कोपरा सुरीने तुटलेला, तो पिठाच्या लगद्याने भरलेला. बाक. बाकावर लाल कोटातली मुलगी. समोर सायकल धरून मी. दिवा लागलेला. त्याची बॅटरी बेननने जोडून दिली. घरभेदी.

रांगेतल्या प्रॉसरबाईंनी विचारलं, "गाडी कधी येते गं या फलाटावर?"

"येत नाही," आयर्लिस म्हणाली. "इथे कायम रविवार असतो."

सगळी रांग हसली. मी सोडून. प्रेक्षकांच्या पसंतीचा कप फळीला मिळाला. बेननने तो तिच्या हातात दिला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या, कारण फलाट माझा होता.

आता तिला आयर्लिस हॉल्ट म्हणतात. माझंही नाव बदललं. निघताना दारात डाय ब्रेडने हाक मारली: ग्विलिम पुढल्यावर्षी.

२७ ऑक्टोबर, रविवार

चाळीस वर्षं झाली. सकाळी आयर्लिसला विचारलं की त्या दिवशी रविवारी गाडी नसते हे तिला माहीत होतं का? म्हणाली, सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, शेळ्यामेंढ्यांनासुद्धा. मग फलाटावर काय करत होतीस? नवा बूट चावत होता म्हणून बाकावर टेकले होते, म्हणाली.

"मग मी गाडी येतेय सांगितल्यावर उठली का नाहीस?"

"इतक्या खात्रीने सांगत होतास," ती म्हणाली. "म्हटलं, बघू या किती वेळ सांगतो ते."

ती उठून चहा गाळायला गेली.

हॉल्ट स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे. पाव आता ताटलीत कापायचा. आम्ही दोघं समोर चहा पीत बसलो. बाक तिने हिरवा रंगवला आहे. १९६० मध्ये तो तपकिरी होता. मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा चहाच प्यायलो.