डॉक्टर बोलल्या तेवढं

आई, तुला कोणी काही विचारलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. माजघराला आतून कडी होती, तुझा आवाज बाहेर येत होता, आणि पडवीत बाबा, आत्या आणि शेजारची दोन माणसं तुझ्याबद्दल बोलत होती. आत्या म्हणाली, "आमची सगळ्यांची बाळंतपणं ह्याच घरात झाली, हिलाच काय धाड भरली?" जीप मिळत होती. तालुक्याला नेलं असतं तर पोट फाडून का होईना वाचली असती, असं नंतर सगळेच म्हणाले. तेव्हा कोणी म्हणालं नाही. तू आणि पोटातली, दोघी गेलात. त्याच सकाळी तू अंगणात वाळत घातलेली आमसुलं नंतर कोणी उचलली, मला आठवत नाही.

आता मी ओमानमध्ये असतो. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पाइपच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. मालकाला इथे अर्बाब म्हणतात. शाळा नववीपर्यंतच झाली, पण खोक्यांवर मी लिहिलेलं नाव चुकत नाही. चुलीच्या राखेत तू मला ह्रस्व-दीर्घ गिरवायला लावायचीस, ते अजून हातात आहे. तुझी सून तू पाहिली नाहीस. आमची पहिली मुलगी गावाकडे झाली. झाली म्हणण्यापेक्षा काढली. कळा सुरूही झाल्या नव्हत्या. सासऱ्यांनी भटजींकडून चांगल्या नक्षत्राची सकाळची वेळ काढून आणली, आणि डॉक्टर म्हणाले, "चालेल की, आमच्याकडे सगळेच मुहूर्त आणतात." त्या वॉर्डात जिच्यातिच्या पोटावर टाके होते. मला उलट बरंच वाटलं. डोक्यात तू होतीस. कापलं की बाई वाचते, एवढंच मला माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला ती इथे माझ्यापाशी होती, मुलगी आजोळी. एवढ्याशा खोलीत दिवसभर तिच्या सोबतीला एसीचा आवाज आणि फोन. त्या फोनवर तिला अमेरिकेतले अमिश लोक सापडले. ते घरात वीज घेत नाहीत, मोटार ठेवत नाहीत, बायका डोक्याला पांढरी टोपी बांधतात, आणि बाळंतपणं बहुतेक घरीच, सुईणीच्या हातून. ऑपरेशनची वेळ क्वचित येते म्हणे.

"अहो, बघा तरी. आठ-आठ पोरं, आणि टाका नाही एकीला."

"त्यांच्या पोटावर आधीचा टाका नसतो," मी म्हणालो.

"माझ्या पोटावर तरी कुठे लागणार होता? भटजींनी घातला तो." मग हसून म्हणाली, "ते घोडागाडीतून फिरतात. इथे उंट मिळतो का, विचारा तुमच्या अर्बाबला." मी हसलो नाही. तशी ती गंभीर झाली. "मी घरी नाही म्हणत. हॉस्पिटलातच, पण कळा देऊन. आणि तुमची आई बाळंतपणानं नाही गेली. गाडी न आणल्यानं गेली."

मी हॉस्पिटलची वेळ घेतली.

डॉक्टर सुदानच्या होत्या. त्यांना अरबी आणि इंग्रजी येई, हिला मराठी आणि थोडी हिंदी. मध्ये मी. पहिलं ऑपरेशन का केलं, असं त्यांनी विचारलं. मुहूर्ताला माझ्याकडे इंग्रजी शब्द नव्हता, म्हणून मी चांगली वेळ असं सांगितलं. "चांगली? कोणासाठी?" त्या म्हणाल्या. मग अजून किती मुलं हवीत, ते विचारलं. इथे ते आधी विचारतात. इथल्या बायकांना पाच-सहा हवी असतात, आणि दर ऑपरेशनागणिक पुढचं अवघड होत जातं. शेवटी त्या म्हणाल्या, नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल, बहुतेकींना जमतं. थोड्या जणींचा जुना टाका कळांनी उसवतो, आणि मग धावपळ होते. ऑपरेशनलाही त्याचे धोके आहेतच. ठरवायचं तिनं.

"काय म्हणतात?" हिनं विचारलं.

ऑपरेशनच करावं लागेल, एवढं एक वाक्य पुरलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता. तेव्हा तू आठवलीस. शेजारच्या काकूंना मी त्यांच्या मुलाची पत्रं वाचून दाखवायचो. एकदा तो गणपतीला येत नाही असं लिहिलं होतं, आणि काकू खूश व्हाव्यात म्हणून मी येतोय असं वाचलं. तू चुलीपुढून उठून आलीस आणि माझा कान पिळलास. "लिहिलंय तेवढंच वाचायचं, पदरचं घालायचं नाही. त्या वाट बघत बसतील, तू बसणारेस का त्यांच्यासोबत?" म्हणून मी हिला सगळं सांगितलं, टाका उसवण्याचंही. ती म्हणाली, "मला कळा देऊन बघायच्यात." तेही मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं.

कळा सुरू झाल्यात, आणि मी बाहेरच्या बाकावर बसलोय. आतून तिचा आवाज येतोय, आणि मग एकदम येत नाही. मल्याळी नर्स दार ढकलून धावते, "भैया, हटो, हटो." ट्रॉली माझ्या पायावरून जाते. अर्बाबचा फोन येतो, "इन्शाल्ला खैर," आणि मी बरं म्हणतो.

मुलगा होता. त्याला इथल्याच मातीत ठेवलं. ही वाचली. डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसल्या. टाका असा क्वचित उसवतो, म्हणाल्या. उठताना म्हणाल्या, पहिला छेद नसता तर हे झालं नसतं.

शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "अहो, डॉक्टर बोलल्या ते सगळं मला सांगितलं होतंत ना?"

"सगळं."

"काही गाळलं नाहीत?"

"नाही."

"मग माझंच," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. घरी आल्यावरही तोंड भिंतीकडेच. ताट तसंच राहतं. मुलीचा फोन आला तर मला घ्यायला सांगते. चिडत नाही, रडत नाही. मी समजूत घालू लागलो की म्हणते, "तुम्ही सगळं सांगितलंत. ठरवलं मी."

काल दुपारी मी तिला म्हणालो, डॉक्टर आणखी एक बोलल्या होत्या. तुझा जुना टाका पातळ झालाय, ऑपरेशनच बरं, असं. ते मी तुला सांगितलं नाही. ती उठून बसली. तोंडाला येईल ते बोलली मला, माझ्या घराण्याला, तुलाही. पलीकडच्या खोलीतल्यांनी भिंत ठोकली. मग ती रडली, आल्यापासून पहिल्यांदा, आणि रडता रडता अर्धी पोळी खाल्ली. माझ्याशी अजून बोलत नाही. हे कागद मी फाडून टाकणार आहे, तिच्या हाती लागायला नकोत. डॉक्टर असं काही बोलल्या नव्हत्या, आई.