आमच्या गल्लीत सगळं ठीक आहे

नाना, आज कामात पुन्हा तोच प्रश्न आला. देशात गुन्हेगारी वाढली आहे असं तुम्हाला वाटतं का? अमेरिकेतल्या लोकांना फोनवर विचारलेला प्रश्न, आणि त्यांची उत्तरं इथे अबुधाबीत, खलिफा सिटीतल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडलेली, कारण हल्ली मी घरूनच काम करते. वाढली आहे, असं बहुतेकांचं म्हणणं. शेजारच्या रकान्यात त्यांच्याच सरकारचे आकडे, ते सांगतात की कमी झाली. मग पुढचा प्रश्न, तुमच्या स्वतःच्या वस्तीत कसं आहे? तिथे मात्र हीच माणसं म्हणतात, आमच्याकडे तसं ठीक आहे. नोकरी नवी होती तेव्हा हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं आणि तुम्ही किती हसला होतात. "म्हणजे चोर कायम पलीकडच्या गल्लीत!" त्यानंतर दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी फोन केला की माझी खुशाली नंतर, आधी "काय म्हणते तुझी अमेरिका?" असं विचारायचात. इतकी वर्षं झाली, अमेरिका अजून तेच म्हणते आहे. हे कुणाला सांगावं असं मनात आलं आणि सांगायला कुणी नाही हे लक्षात आलं, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला हे काम कळायचं, कारण तेच तुमचंही काम होतं. सरकारच्या नमुना पाहणीत तुम्ही सातारा जिल्ह्यातली गावं पायाखाली घातलीत. किती माणसं, किती जनावरं, किती खाता, काय पेरता. मी चौथीत असताना सुट्टीत तुमच्याबरोबर आले होते. एका घरी तुम्ही पाणी पीत बसलात आणि मला म्हणालात, जा, म्हशी किती ते लिहून आण. मी ओसरीवरच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या दोन, मी दोन लिहिलं. वेशीपर्यंत आल्यावर तुम्ही विचारलंत, "गोठ्यात गेली होतीस?" मी म्हटलं, त्यांनी सांगितलं की. तुम्ही ओरडला नाहीत, नुसते उलटे फिरलात, आणि भर उन्हात मला परत तिथे घेऊन गेलात. गोठ्यात चार म्हशी होत्या. बाई काही खजील झाल्या नाहीत, म्हणाल्या, त्या दोन दिराच्या. परत येताना तुम्ही म्हणालात, माणूस मुद्दाम खोटं बोलतोच असं नाही, त्याला जे सोयीचं असतं ते त्याला खरंच वाटायला लागतं. म्हणून विचारायचं आणि मग जाऊन बघायचं. माझे पाय भाजले होते आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

मी एकटी दुबईला निघाले तेव्हा नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं ते आठवतं ना? एकटी मुलगी, लग्नाचं वय, तिकडे कसल्या कसल्या नोकऱ्या असतात, कुणास ठाऊक. आत्या तर तुमचीच बहीण, तीही म्हणाली, सहा महिन्यांत रडत परत येईल. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तिचं नेमणुकीचं पत्र मी दोनदा वाचलंय. तुम्ही काय वाचलंत?" तेव्हा मला फार अभिमान वाटला, पण त्या वाक्याचं ओझं मी बरोबर घेऊन आले हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी परत गेले तर आत्याचं खरं होणार होतं आणि तुमचं खोटं.

दुबईच्या बर दुबई भागात, मीना बाजारातल्या एका कापड दुकानाच्या वर आमचं ऑफिस, सहा माणसांचं. अमेरिकेतून उत्तरं यायची, आम्ही त्यांना क्रमांक द्यायचो, तक्ते करायचो. देशात परकी माणसं किती, सरकार परदेशांना मदत किती देतं, असे प्रश्न. उत्तरं खऱ्या आकड्यांपासून कुठल्या कुठे. मजा वाटायची, थोडा तोराही वाटायचा की आपण नाही बुवा असे. मग दोन हजार आठची ती मंदी आली आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी आधी कशाला कात्री लावली असेल तर या पाहण्यांना. लेबनीज मॅनेजर दारात उभा राहून म्हणाला, "खलास, हबीबी. क्लायंट नाही, काम नाही." शेजारच्या टेबलावरची मल्याळी बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रोनेका नहीं. दूसरा जॉब मिलेगा, इन्शाल्ला. घर पे बोला क्या?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, तिला कळलं नसेल. त्या दिवसांत जो तो सांगायचा, लोक विमानतळावर गाड्या टाकून पळताहेत. मी प्रत्येकाला विचारायचे, तू पाहिलीस का गाडी? कुणीच पाहिली नव्हती. बघा, सवय गेली नव्हती. फक्त ती मी दुसऱ्यांवर चालवत होते.

तुम्हाला मी सांगितलं, काम जोरात आहे. महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडावा लागेल, हे सांगितलं नाही. त्याच सुमाराला शेजारच्या काकूंचा फोन आला. "नाना फार उतरलेत गं. जेवण जात नाही त्यांना. तू एकदा येऊन बघून जा." मी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, "तिचं काय ऐकतेस, मी ठणठणीत आहे." आणि मी, जिला आयुष्यभर बघून लिहायला शिकवलं होतंत, मी ऐकून घेतलं. काकूंना कळवलं, ते बरे आहेत म्हणाले.

मग तो सोमवार. एका ठिकाणी मुलाखत देऊन आले होते, तिथे त्यांनी माझा अर्जसुद्धा नीट पाहिला नाही. बर दुबईतल्या देवळाच्या बोळातून खाडीवर आले आणि उगाच तुमचा आवाज ऐकावासा वाटला. घरचा फोन कुणी उचलेना, म्हणून मोबाइल लावला. तुम्ही फार हळू बोलत होतात. मागे एक बाई म्हणाली, "आजोबा, सलाईनचा हात हलवू नका." मी विचारलं, कोण बोलतंय? "टीव्ही गं," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, आवाज कमी करा ना जरा. मग तुम्ही विचारलंत, "ऑफिसातून बोलतेस? मागे घरघर कसली?" समोरून अबरा चालल्या होत्या, दहा-बारा माणसं घेऊन पलीकडे जाणाऱ्या त्या लाकडी बोटी. मी म्हटलं, एसी बिघडलाय. "बरं, बरं. काम कर. माझी काळजी नको," म्हणालात आणि फोन ठेवलात.

आठव्या दिवशी काकूंचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी निघाले आणि पोचेपर्यंत उशीर झाला होता. तेराव्याला आत्या सगळ्यांना सांगत होती, ऑफिसने लगेच सोडलं हो, मोठी नोकरी आहे तिची. मी खाली मान घालून लाडू वाढत होते. पुढे चार महिन्यांनी अबुधाबीत काम मिळालं आणि आत्याचं म्हणणं खरंही ठरलं. त्या तेराव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, त्या सोमवारी दवाखान्यात फोन ठेवल्यावर नाना मला म्हणाले, पोरगी खाडीवर उभी आहे, दर शुक्रवारी ऐकतो तो बोटींचा आवाज. सोमवारी, भर कामाच्या वेळी. नोकरी गेलेली दिसते. तिला काही विचारू नका, आणि माझंही सांगू नका.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी खरं लिहिते. टीव्ही नव्हता हे मलाही तेव्हाच कळलं होतं, नाना. नोकरी जाताना कंपनीने दिलेलं पुण्याचं तिकीट पर्समध्येच होतं, तारीख तेवढी मी टाकायची होती. तुम्ही काळजी नको म्हणालात आणि मला हायसं वाटलं. मी पलीकडे जाणारी अबरा पकडली आणि वाटेत पाण्याकडे बघत स्वतःला सांगितलं, नाना ठीक आहेत.