कावळ्याच्या आधी बीगल

आई, या वर्षी तुझं पान कुत्र्याने खाल्लं. रस्त्यावरच्या नव्हे, घरातल्या. तुझा नातू नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपला बीगल, हे बुटकं, लांब कानांचं संकट, आमच्या गळ्यात बांधून गेला. म्हणाला, "बाबा, फिरायला सोबत होईल." सोबत कसली! कामोठ्याच्या रस्त्याने मी क्रमिक पुस्तकातली एखादी कविता मनात घोळवत चालावं, तर हा जमिनीला नाक लावून मला गटाराच्या कडेने ओढत नेतो. एकदा वास लागला की याला हाक ऐकूच येत नाही. ओरडा, हात जोडा, काही उपयोग नाही. घरात एकटा ठेवला तर असा गळा काढतो की खालच्या वहिनी विचारतात, "काका, वर सगळं ठीक आहे ना?" आणि ज्या कानांनी ऐकत नाही, ते पुसायचे मात्र मीच.

तुला कुत्रं उंबऱ्याच्या आत चालायचं नाही. श्राद्धाच्या दिवशी तर स्वयंपाकघरात मीसुद्धा चालायचो नाही. तू चुलीपाशी खीर ढवळते आहेस, मी हात पुढे करतो आणि तू पळी उगारतेस. "अजून कावळा शिवला नाही. जा, अंगणात उभा राहून कविता म्हण. तोंड गुंतलं की हात गप्प बसतात." शाळेतल्या सगळ्या कविता चालीवर म्हणून संपायच्या, तेव्हा कुठे एखादा कावळा यायचा. कवितेची गोडी मला त्या भुकेपोटी लागली असावी.

परवा तुझी तिथी होती. तुझ्या सुनेने सगळं साग्रसंगीत केलं: वडे, अळूवड्या, बेदाणे घातलेली खीर. पान घेऊन मी सोसायटीच्या गच्चीवर गेलो. भोकाड पसरेल म्हणून यालाही नेलं आणि टाकीच्या पाइपला बांधलं. पितृपक्षात गच्चीगच्चीवर पानं, कावळे खाऊन सुस्तावलेले. एक समोरच्या कठड्यावर बसून बघत होता, पण उतरेना. मी आपला आभाळाकडे पाहत एका कवितेचं तिसरं कडवं आठवत राहिलो. मागे चपचप आवाज आला. वळून बघतो तर पट्टा सुटलेला आणि पान चाटून लख्ख.

जिन्यातून तुझी सून विचारते, "अहो, शिवला का?"

"शिवला. म्हणजे, कावळा नाही."

ती वर आली आणि तिने कपाळाला हात लावला. मग एकदम ओरडली, "अहो, खिरीत बेदाणे होते! विष आहे ते त्याला! डॉक्टरांनी किती वेळा बजावलंय!"

रिक्षावाला म्हणाला, "काका, कुत्रा सीटवर नको हां." मी याला मांडीवर घेतलं. खांदेश्वरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हा गृहस्थ माझा खिसा हुंगत होता, आणि मी रिक्षावाल्याला 'जरा लवकर' म्हणत होतो. डॉक्टरीण तरुण मुलगी. "काय खाल्लं याने, आजोबा?"

"माझ्या आईचं जेवण."

श्राद्धाचं पान, खिरीतले बेदाणे, सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "लवकर आणलंत. उलटी करवते. मूत्रपिंडांना धोका असतो, रक्त तपासत राहावं लागेल." तिने इंजेक्शन दिलं आणि तुझं पान वड्यांसकट टेबलावर बाहेर आलं. मग सलाइन. ती नळी हा चावू बघत होता, म्हणून संध्याकाळपर्यंत मी त्याचं तोंड धरून बसलो. वैताग नुसता! तरी दर थोड्या वेळाने त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होतो.

आज सकाळी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. धोका टळला, असं डॉक्टरीण म्हणाली. घरी येताच हा ओट्याखाली शिरून हुंगायला लागला. अक्कल म्हणून नाही.

हे तुला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं. परवा परत आल्यावर तुझं दुसरं पान वाढायला हवं होतं. सगळं शिल्लक होतं. पण मी आणि तुझी सून, दोघं भुकेलेले, तसेच जेवायला बसलो. आई, तू मला जेवून हात धुताना आठवलीस.