पुढचा दोर

प्रिय धाकटोबा,

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "आई, आधी शांत हो" म्हणतोस आणि मी आणखी भडकते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच. माझी तब्येत ठणठणीत आहे, होडीही ठणठणीत आहे आणि मी तुझ्यावर प्रचंड चिडले आहे.

तुझे बाबा गेल्यावर मी या शिडाच्या होडीवर राहायला आले, तेव्हा तुम्ही भावंडांनी जे काही तोंडसुख घ्यायचं ते घेतलंत. मी ऐकून घेतलं. लिफ्टवाल्या फ्लॅटचे फोटो अजून पाठवतोस, तेही बघते. पण ही होडी आम्ही दोघांनी घासून, रंगवून उभी केली आहे. इथल्या अरुंद बाकावर मला जशी झोप लागते तशी तुझ्या पाहुण्यांच्या खोलीत कधी लागली नाही.

आता खारूताईचं. शेजारच्या होडीवर एकटी राहणारी, शिडं शिवून पोट भरणारी ती पोरगी तू पाहिली आहेसच. डोलकाठीवर सरसर चढते म्हणून ते नाव मीच ठेवलं. वयाने आपल्या थोरलीच्या लेकीएवढी. आमची ओळख भांडणातून झाली, हे तुला ठाऊक नसेल. मी नवीन असताना ती धक्क्यावरून ओरडली, अहो आजी, तुमचा पुढचा दोर चुकीचा बांधलाय, वारा सुटला की येऊन आदळाल माझ्यावर! मी म्हटलं, आजी असेन तुझ्या घरी, इथे मी कप्तान आहे. दोर चुकीचाच बांधला होता, ती गोष्ट वेगळी. घसा बसेपर्यंत भांडलो आणि मग माझ्याकडे चहा प्यायलो. बघता बघता 'अहो आजी'ची 'अगं कप्तान' झाली. नोकरी सोडली म्हणून वडील तिच्याशी बोलत नाहीत, हे तिने मलाच सांगितलं. आणि बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी किती घाबरले होते, ते तुम्हा कुणाला न सांगितलेलं मी तिला सांगितलं. पत्त्यांत ती लबाडी करायची, मीही करायचे. वारा फिरला की दोघींनी दीपस्तंभापलीकडच्या बेटावर जायचं ठरलं होतं.

तू येऊन गेलास आणि सगळं बिघडलं. इथे एक रीत आहे: दुसऱ्याच्या होडीवर पाय ठेवण्याआधी कठड्यावर टकटक करायची आणि आतून 'ये' आल्याशिवाय चढायचं नाही. तीच रीत मला शिकवणारी ही बया परवा टकटक न करता थेट आत आली, मी केस धूत असताना! नुसतंच सहज, म्हणाली. पुन्हा 'अहो आजी' सुरू झालं. माझा दोर कसाही असला तरी गुपचूप नीट बांधून जायला लागली. वडिलांचं विचारलं तर म्हणे, जाऊ द्या, तुम्हाला कशाला उगाच त्रास. बेटाचं काढलं की वारा बरा नाही, आणि वारा तर इतका सुरेख होता की बाकीची शिडं कधीच बाहेर पडली होती. अरे, मी जन्मभर वॉर्डात नर्स होते. पेशंटशी कुठल्या आवाजात बोलतात ते मला कळत नसेल का? काल माझ्या हातात भिकार पानं होती आणि तरी मी डाव जिंकले. तेव्हा मी पत्ते खाली टाकले आणि तिला समोर बसवलं. रडली बिचारी. आईकडे लक्ष ठेव, रोज संध्याकाळी कळव, तिला खाडीबाहेर जाऊ देऊ नकोस, असं वचन तू तिच्याकडून घेतलंस. तुझे डोळे भरून आले होते म्हणाली, म्हणून तिला नाही म्हणवेना. शब्द दिलाय, आता मोडू कशी, असं मलाच विचारत होती.

तुझी काळजी खरी आहे, ते मला दिसतं. म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो. बाबा गेल्यावर मला सगळ्यांनी जपलं. भांडलं कुणीच नाही. ही एकटी भांडत होती. या वयात मैत्रीण मिळणं किती अवघड असतं, तुला काय कल्पना? मला मिळाली होती, माझी मी मिळवली होती, आणि तू मला न विचारता तिला माझी राखणदार करून टाकलंस! आणि तिचं काय? तिला मन मोकळं करायला एक जागा होती, ती पण गेली.

म्हणून हे पत्र. मी तिला वचनातून सोडवू शकत नाही, ते तूच घेतलं आहेस, तूच परत कर. फोन तिला कर, मला नको. तुझा फोन झाल्याचं मला आपोआप कळेल. पुढचा दोर मी रोज मुद्दाम चुकीचा बांधून ठेवते आहे (बाकीचे पक्के आहेत, लगेच घाबरू नकोस). ज्या सकाळी तो दोर बघून ती धक्क्यावरून माझ्या नावाने शिमगा करेल, त्या सकाळी मी तुला माफ करीन.

अजून धुमसणारी, पण तुझीच,
आई